बोट लागण्याची भीती आणि आजींच्या गोळ्यांचा डबा : एका क्रूझ सहलीचं प्रकरण

पार्श्वभूमी

डोंबिवलीतलं एक चौकोनी कुटुंब. आजी, वय ७१. मुलगा राहुल, सून मेघना आणि नऊ वर्षांचा नातू अथर्व. नावं बदलली आहेत, ओळख पटेल असे तपशीलही बदलले आहेत, आणि त्यांच्या परवानगीनेच हे लिहितो आहे. मी त्यांचा फॅमिली डॉक्टर.

फेब्रुवारीत राहुलने क्रूझचं बुकिंग केलं: मे महिन्याचा शेवटचा आठवडा, सिंगापूरहून निघून पेनांग, फुकेत आणि परत सिंगापूर, चार रात्री. आजींची सत्तरी उलटल्याचं निमित्त होतं. टूरवाल्याकडे आगाऊ रक्कम भरून झाली, नातेवाइकांना कळवून झालं, आणि मग घरात कुरकुर सुरू झाली.

मेघनाला गाडी लागते. साधीसुधी नाही, माळशेज घाटात तिच्यासाठी गाडी दोनदा थांबवावी लागते आणि मागच्या सीटवर बसली तर कल्याण सुटायच्या आत तोंड पांढरं पडतं. त्यात अर्धशिशी. आजींना गाडी लागत नाही, पण त्यांच्याकडे एक जुनी आठवण आहे. त्यांचं माहेर दापोली तालुक्यातलं. लहानपणी त्या भाऊच्या धक्क्यावरून कोकणच्या बोटीने हर्णैला जात. डेकवर सामानाला टेकून बसायचं, डोक्यात इंजिनाच्या तेलाचा वास, आणि पोटातलं सगळं बाहेर. हर्णैला बोट धक्क्याला लागत नसे. समुद्रातच उभी राही आणि माणसांना हेलकावणाऱ्या पडावात उतरवून किनाऱ्यावर नेत. "त्या पडावात बसताना वाटायचं, आता गेलेच," असं त्या अजूनही सांगतात. आजी या सहलीला नाही म्हणत नव्हत्या, पण होही म्हणत नव्हत्या.

राहुलच्या मते हे सगळं मनाचं होतं.

अडचण नेमकी काय होती

मेघना दवाखान्यात आली ती दोन प्रश्न घेऊन. "डॉक्टर, मला अशी गोळी द्या की चार दिवस काहीच होणार नाही," हा पहिला. आणि "जहाजावर साथ आली तर आईंना घेऊन मी कुठे जाऊ?" हा दुसरा. बोलताना दोन्ही एकमेकांत मिसळून येत होते. उलटी झाली तर ती बोट लागल्याची की जंतूंची, जहाजावर डॉक्टर असतो का, तो कोंडून ठेवतो का, सगळं एका दमात. गेले कित्येक दिवस ती रात्री मोबाईलवर वादळात सापडलेल्या जहाजांचे व्हिडिओ बघत होती. जेवणघरातल्या खुर्च्या एका बाजूला घसरताहेत, असले.

पहिलं काम हे दोन गुंते वेगळे करण्याचं होतं, कारण त्यांच्यावरचे उपाय वेगळे आहेत आणि ते करण्याची वेळही वेगळी आहे.

बोट लागणं हा आजार नाही. कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग सांगतो की आपण हलतो आहोत, डोळे सांगतात की भिंत तर स्थिर आहे, आणि मेंदूला या दोन साक्षींचा मेळ घालता येत नाही. सगळ्यात जास्त त्रास देणारी हालचाल साधारण पाच सेकंदांत एकदा वर-खाली होणारी, म्हणजे नेमकी समुद्राच्या लाटेची. दोन वर्षांखालच्या बाळांना हा त्रास सहसा होत नाही. तो पुढे वाढत जाऊन नऊ-दहा वर्षांच्या आसपास शिगेला पोहोचतो आणि वयाबरोबर हळूहळू उतरतो. बायकांना पुरुषांपेक्षा जास्त, आणि अर्धशिशी असणाऱ्यांना आणखी जास्त.

आता हे या घरावर लावून बघा. ज्या आजी सगळ्यात घाबरलेल्या होत्या त्यांची भीती नवव्या-दहाव्या वर्षीच्या प्रवासातून आलेली, म्हणजे माणसाला बोट सर्वांत जास्त लागते त्या वयातून. तीही छोट्या बोटीवर. आज एसटीने घाट उतरताना त्या खिडकीशी बसून शेंगा सोलतात. त्यांना बोट लागण्याची शक्यता घरात सर्वांत कमी होती. मेघनाला खरोखरच होती. आणि ज्याचा विचारही कोणी केला नव्हता तो अथर्व बरोब्बर त्या वयाचा होता.

आजींचा धोका दुसरीकडे होता. त्यांना मधुमेह आणि रक्तदाब आहे. सकाळी मधुमेहाची मेटफॉर्मिन-ग्लिमेपिराइडची एकत्र गोळी, शिवाय मधुमेहाचीच डापाग्लिफ्लोझिन, शिवाय रक्तदाबाची टेल्मिसार्टन. मी सगळे डबे घेऊन या म्हटलं तेव्हा पिशवीत तळाशी डोळ्यांत घालायच्या थेंबांची बाटली निघाली. "ते होय, ते डोळ्यांचं आहे," आजी म्हणाल्या. मेघनाने लिहून आणलेल्या आजारांच्या यादीत काचबिंदू नव्हता, कारण डोळ्यांचा डॉक्टर वेगळा. त्यांच्या डोळ्यांतलं पाणी निचरण्याचा कोन अरुंद आहे असं त्या डॉक्टरांच्या जुन्या कागदावर लिहिलेलं होतं.

इथे प्रकरणाने वळण घेतलं. मेघनाची अमेरिकेतली बहीण कानामागे लावायच्या स्कोपोलामाइनच्या पट्ट्या पाठवणार होती, घरातल्या प्रत्येकाला एक. पट्टी तीन दिवस चालते, मोठ्यांच्या बोट लागण्यावर चांगलं काम करते, पण अरुंद कोनाचा काचबिंदू असलेल्या माणसाच्या डोळ्यातला दाब ती एकाएकी चढवू शकते. उतारवयात तिने भ्रम होऊ शकतो, लघवी अडू शकते. लहान मुलांना ती लावत नाहीत. म्हणजे चारातल्या दोघांसाठी ही प्रेमाची भेट चुकीची होती, आणि एकीसाठी धोक्याची.

पुढ्यातले पर्याय

सहल रद्द करणं हा पर्याय आजींनीच मांडला, राहुलने तो ऐकून घेतला नाही, आणि तसं कारणही नव्हतं. खरा विचार तीन गोष्टींवर झाला.

एक, तारीख. मेच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात नैर्ऋत्य मोसमी वारे अंदमानच्या समुद्रात पोहोचतात. फुकेतचा पश्चिम किनारा उघड्या समुद्राकडे तोंड करून आहे, त्यामुळे पावसाळ्यात तिथे लाटा उठतात. मलाक्काची सामुद्रधुनी त्या मानाने शांत, सुमात्रा बेटाच्या आडोशाला. तरी एप्रिल ते नोव्हेंबर तिथे पहाटेच्या सुमारास वाऱ्या-पावसाचे सोसाटे येतात आणि तिथले लोक त्यांना 'सुमात्रा' याच नावाने ओळखतात. डिसेंबरात वारा ईशान्येचा. फुकेतची पश्चिम बाजू तेव्हा जमिनीच्या आडोशाला येते, समुद्र बराच निवळतो. सिंगापुरात पाऊस लागतो, पण पावसाने कोणाला उलटी होत नाही. तारीख बदलायला टूरवाला पैसे मागत होता. राहुलला ते जड वाटलं. मी त्याला एवढंच सांगितलं की बोट लागू नये म्हणून जे काही विकत घेता येतं त्यातली ही सर्वांत खात्रीची गोष्ट आहे, आणि ती मेडिकलमध्ये मिळत नाही. आपले कोकणातले लोक नारळी पौर्णिमेआधी होडी पाण्यात घालत नाहीत, ते उगाच नाही. आजींनी या मुद्द्यावर जोरात मान हलवली. तारीख डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यावर गेली.

दोन, खोली. राहुलने घेतलेली केबिन पुढच्या टोकाकडची आणि वरच्या मजल्यावरची होती, कारण नकाशात ती छान दिसत होती. जहाज पुढेमागे डोलतं तेव्हा मधला भाग सर्वांत कमी हलतो आणि टोकं सर्वांत जास्त. आडवं डोलतं तेव्हा वरचे मजले जास्त झुकतात. मोठ्या जहाजांना बाजूला पंखांसारखे स्थिरक असतात, ते आडवं डोलणं बरंच कमी करतात, पुढेमागे डोलणं नाही. मधली, खालच्या मजल्यावरची, खिडकी असलेली खोली मागा, असं ठरलं. बाल्कनी गेली, त्याचं अथर्वला वाईट वाटलं.

तीन, औषध. यावर सगळ्यात जास्त वेळ गेला.

घरात आधीपासून ऑन्डान्सेट्रॉनच्या गोळ्या होत्या. उलटी म्हटली की आपल्याकडे हीच गोळी हाताशी येते. पोट बिघडून होणाऱ्या उलटीवर ती उत्तम, पण गाडी किंवा बोट लागू नये म्हणून घेतली तर तिचा फारसा उपयोग होत नाही. तो रस्ताच वेगळा आहे. मेघनाने घाटात ती अनेकदा घेतली होती आणि 'मला कुठलंच औषध लागू पडत नाही' असा निष्कर्ष काढून बसली होती. तिच्या भीतीचा बराच भाग या एका गैरसमजावर उभा होता.

बोट लागण्यावर चालतात त्या जुन्या, झोप आणणाऱ्या गोळ्या: प्रोमेथाझिन, जी अ‍ॅव्होमिन नावाने एसटी स्टँडवरच्या मेडिकलमध्येही मिळते, डायमेनहायड्रिनेट, मेक्लिझिन, सिनॅरिझिन. सगळ्यांची अट एकच. त्रास सुरू व्हायच्या आधी घ्यायच्या. मळमळ सुरू झाल्यावर पोट काम थांबवतं आणि गोळी तिथेच पडून राहते.

मेघनाने आणखी एक मागितलं: "चिंतेची एखादी हलकी गोळी." मी दिली नाही. या गोळ्यांनी आधीच झोप येते, त्यात दुसरी झोपेची गोळी मिसळून नऊ वर्षांच्या मुलाची आई जहाजावर फिरणार हे मला पटलं नाही. शिवाय अशा काही गोळ्या सिंगापुरात नेताना आधी परवानगी लागू शकते. ओघात निघालं म्हणून सांगतो: सिंगापुरात खसखसही चालत नाही. तिथे ती अमली पदार्थांच्या यादीत धरतात. आजींनी अनारशांचा डबा करून न्यायचं मनात योजलं होतं, तो बेत तिथेच रद्द झाला. च्युइंगमही १९९२ पासून बंद आहे. मळमळीवर म्हणून मेघना ते पर्समध्ये ठेवत असे, ते काढून आलेपाक ठेवला. आल्याचा उपयोग होतो की नाही याबद्दल अभ्यासांत एकमत नाही. पण अपाय नाही, आणि आजींचा त्यावर विश्वास आहे, तोही काही कमी कामाचा नाही. मळमळीवर म्हणून मनगटावर बांधतात त्या दाबपट्ट्यांबद्दल मी फारसा आग्रही नव्हतो. राहुलने त्या तरीही घेतल्या.

काय केलं

डिसेंबरपर्यंत हातात वेळ होता, म्हणून रंगीत तालीम शक्य झाली.

एका रविवारी मेघनाने घरीच प्रोमेथाझिन घेतली. दुपारी दोनपर्यंत झोपली, उठली तेव्हा तोंड कोरडं आणि डोकं जड. जहाजाच्या पहिल्या दिवशी हे झालं असतं तर तिने ते 'समुद्राचं' म्हणून मोजलं असतं. पुढच्या वेळी सिनॅरिझिन करून बघितली. ती तिला सोसली. अथर्वसाठी वयाप्रमाणे कमी मात्रा ठरवली आणि तीही एकदा घरी देऊन पाहिली, कारण काही मुलं अशा गोळीने झोपायच्या ऐवजी उलट उधळतात.

मग नोव्हेंबरात चौघं भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो बोटीने गेले. ही सेवा २०२० पासून चालते, तासाभराचा प्रवास. मांडव्याची बोट आणि क्रूझचं जहाज यांची तुलना होत नाही, आणि ही तालीम जहाजाची नव्हतीही. गोळी दोन तास आधी घ्यायची, पोट रिकामं ठेवायचं नाही आणि तुडुंबही नाही, बोटीवर मोबाईल खाली ठेवायचा, मोकळ्या हवेत उभं राहून दूरची क्षितिजाची रेषा बघायची, एवढा क्रम अंगवळणी पाडायचा होता. मेघना जाताना गप्प होती, येताना तिने वडापाव खाल्ला. आजी कितीतरी वर्षांनी भाऊच्या धक्क्यावर आल्या होत्या. त्यांना तो ओळखू आला नाही. पाणी मात्र त्यांनी शांतपणे बघितलं.

अपेक्षेचा भाग मी हलका धरत नाही. १९९५ साली प्रसिद्ध झालेला इस्रायली नौदलातल्या शिकाऊ सैनिकांवरचा एक छोटा प्रयोग आहे. काहींना आधी सांगितलं गेलं की तुम्हाला बोट लागण्याची शक्यता कमी आहे, आणि लागलीच तरी तुमच्या कामावर परिणाम होणार नाही. त्यांनी पुढे कमी त्रास नोंदवला आणि कामही चांगलं केलं. राहुल म्हणतो तसं हे 'मनाचं' नव्हे. कानातली गडबड खरीच असते. पण मन त्यावर तेल ओततं किंवा ओतत नाही. मेघनाला मी खोटा दिलासा दिला नाही. 'मळमळ होईल, बहुतेक पहिल्या संध्याकाळी, आणि दोन-तीन दिवसांत शरीर सरावतं; नेल्सनसारखा दर्यावर्दी सेनापती आयुष्यभर बोट लागून बेजार व्हायचा आणि तरी लढाया जिंकायचा,' एवढं सांगितलं. आणि जहाजांचे व्हिडिओ बंद. हे शेवटचं तिला सर्वांत अवघड गेलं.

साथीच्या भीतीचं काय? ती निराधार नाही. फेब्रुवारी २०२० मध्ये जपानात योकोहामाला अडकलेल्या डायमंड प्रिन्सेस या क्रूझ जहाजावर ३,७११ जण होते आणि सातशेहून अधिकांना करोना झाला; त्यात १३८ भारतीय होते, बहुतेक कर्मचारी. पण नेहमीच्या दिवसांत जहाजावर पसरतो तो मुख्यतः नोरोव्हायरस: लागण झाल्यावर अर्ध्या ते दोन दिवसांत उलट्या-जुलाब, आणि बहुतेकांना एक ते तीन दिवसांत उतार. अमेरिकेत येणाऱ्या जहाजांवर पोटाच्या आजाराच्या प्रवाशांची नोंद ठेवावी लागते आणि प्रमाण तीन टक्क्यांवर गेलं की ते जाहीर होतं, म्हणून त्याच्या बातम्या होतात. आपल्याकडे लग्नाच्या पंगतीनंतर किती जणांना जुलाब झाले ते कोण मोजतं? उपाय साधा: साबण आणि पाणी. हाताला लावायच्या जेलने हा विषाणू नीट मरत नाही. बुफेतला चमचा शेकडो हातांतून गेलेला असतो, म्हणून वाढून घेतल्यावर, खायच्या आधी हात धुवायचे. फ्लूची लस आजींना आणि मेघनाला निघायच्या महिनाभर आधी दिली.

डोळ्यांच्या डॉक्टरांकडे आजींना पुन्हा पाठवलं. त्यांनी कोन तपासून पट्टी आणि बोट लागण्यावरच्या झोप आणणाऱ्या सर्व गोळ्या टाळायला सांगितल्या. म्हणजे आजींसाठी बोट लागण्याचं औषध कोणतंच नाही. आलेपाक, मधली जागा आणि क्षितिज.

त्यांच्यासाठी मी एक कागद लिहून दिला. मजकूर थोडक्यात असा: उलट्या किंवा जुलाब सुरू झाले, किंवा जेवण जात नसेल, तर त्या दिवशी डापाग्लिफ्लोझिन बंद, मेटफॉर्मिन-ग्लिमेपिराइडची गोळी बंद, टेल्मिसार्टनही थांबवायची, दर चार तासांनी साखर तपासायची, ओआरएसचं पाकीट एक लिटर पाण्यात, घोटघोट, साखर ७०च्या खाली किंवा ३००च्या वर गेली, पाणीही टिकेना, दम लागला किंवा गुंगी आली, तर लगेच जहाजावरच्या डॉक्टरकडे. पोटात काही नसताना ग्लिमेपिराइड साखर धोकादायक खाली नेऊ शकते, आणि डापाग्लिफ्लोझिन उपाशी शरीरात आम्ल साठवू शकते, तेही कधीकधी साखर फारशी वाढलेली नसताना. हा कागद फक्त आजींच्या औषधांसाठी होता, दुसऱ्या कोणी तसाच वापरू नये. घरातली सगळी चिंता बोटीभोवती फिरत होती आणि आजींना खरा धोका या डब्यात होता.

विम्यावरून एक वाद झाला. अर्जात आजींचा मधुमेह लिहिला तर हप्ता वाढेल, म्हणून राहुल तो गाळणार होता. लपवलेला आजार नंतर कागदांत सापडला तर दावा फेटाळायला कंपनीला तेवढं पुरतं. शेवटी सगळं लिहिलं. सिंगापूर, मलेशिया, थायलंड हे तिन्ही देश पॉलिसीत आहेत ना, हेही बघितलं. नुसत्या सिंगापूरवर भागलं नसतं.

जहाजावर

पहिल्या संध्याकाळी मेघनाला थोडं गरगरलं. ती उघड्या डेकवर जाऊन उभी राहिली, कोरडी बिस्किटं खाल्ली आणि नऊला झोपली. दुसऱ्या दिवशी पेनांगला जॉर्ज टाउनमध्ये फिरताना सगळे मजेत. तिथे एका गाडीवर चेंडोल घेतलं. किसलेला बर्फ, नारळाचं दूध, हिरव्या शेवया. आजींना आवडलं.

पहाटे आजींना दोनदा पातळ शौचाला झालं. उलटी नाही, ताप नाही.

हा या प्रकरणातला सर्वांत अवघड निर्णय होता आणि तो माझ्याशी बोलण्याआधी घेतला गेला, कारण मेघनाचा संदेश मला काही तास उशिरा मिळाला. आजी म्हणाल्या, "कोणाला सांगू नका. कोंडून ठेवतील आणि तुमचा दिवस वाया जाईल." राहुलचंही तेच मत. दोनदा तर झालं, बर्फाने झालं असेल. कदाचित बर्फानेच असेल, कदाचित मेटफॉर्मिन आणि आदल्या रात्रीच्या गोडधोडाने असेल. पण नोरोव्हायरसची सुरुवातही अशीच होऊ शकते, आणि आजी न्याहारीच्या बुफेत चमचे हाताळणार होत्या. मेघनाने जहाजाच्या वैद्यकीय कक्षाला फोन केला. नंतर मी तिला कारण विचारलं, तर म्हणाली, "मी सहा महिने दुसऱ्या कोणाच्या तरी आजीमुळे आपण आजारी पडू म्हणून घाबरत होते. आता ती आजी आमचीच निघाली."

त्यांनी आजींना तपासलं आणि शेवटच्या शौचानंतर २४ तास खोलीत राहायला सांगितलं. भात आणि दही खोलीत आलं. कागदाप्रमाणे गोळ्या थांबवल्या होत्या. साखर दिवसभर १५० ते १९०च्या दरम्यान राहिली. राहुल आईपाशी थांबला.

फुकेतला जहाज पातोंगच्या खाडीत नांगर टाकून उभं राहतं आणि माणसांना छोट्या बोटींनी किनाऱ्यावर नेतात. मोठं जहाज सोसणाऱ्यांनाही ही छोटी बोट कधीकधी लागते. मेघनाने गोळी घेतली होती. ती अथर्वला घेऊन मागच्या बाजूला बसली, डोंगराकडे बघत. काही झालं नाही. किनाऱ्यावरून व्हॅनने डोंगर चढताना मात्र अथर्व मोबाईलवर खेळत होता आणि तिसऱ्या वळणावर त्याला उलटी झाली. सबंध सहलीतली ही एकुलती एक उलटी, आणि ती डांबरी रस्त्यावर.

निष्पत्ती

संध्याकाळपर्यंत आजींचं पोट शांत झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना बाहेर सोडलं. तो दिवस समुद्रातलाच होता, त्या डेकवर खुर्ची टाकून बसल्या. गोळ्या नेहमीचं जेवण सुरू झाल्यावर पुन्हा चालू केल्या. जहाजावरच्या तपासणीचं बिल डॉलरमध्ये आलं आणि ते विम्यात स्वतः भरायच्या किमान रकमेच्या आत बसलं, म्हणजे खिशातूनच गेलं. जहाजावर दुसऱ्या कोणाला पोटाचा त्रास झाल्याचं त्यांच्या कानावर आलं नाही.

घरी परतल्यावर दोन दिवस मेघनाला स्वयंपाकघराची फरशी डोलल्यासारखी वाटत होती. तिचा घाबरून फोन आला. शरीर समुद्राला सरावलं की जमिनीवर उतरल्यावर असं होतं, बहुतेकांचं एक-दोन दिवसांत जातं; महिनाभर राहिलं तर तपासायचं. तिचं तिसऱ्या दिवशी थांबलं.

वेगळं काय करता आलं असतं

चौघांनी एकच मोठी केबिन घेतली होती. आजींना 'वेगळं' ठेवलं, पण राहुल, मेघना आणि अथर्व त्याच खोलीत झोपले आणि तेच स्वच्छतागृह वापरलं. तो नोरोव्हायरस असता तर चौघंही अंथरुणाला खिळले असते. वृद्ध माणूस सोबत असेल तर शेजारच्या दोन छोट्या खोल्या घ्याव्यात. खर्च वाढतो, हे खरं. बाल्कनी सोडून तेवढे पैसे निघतात का हे बघण्यासारखं आहे.

पेनांगच्या गाडीवरचा बर्फ टाळता आला असता. पण असं लिहिताना मला थोडं अवघड वाटतं. आजी चेंडोलबद्दल अजून बोलतात, आणि चार दिवस सहलीला जाऊन फक्त बाटलीबंद पाणी प्यायचं तर डोंबिवली काय वाईट? जुलाब त्यानेच झाले याचा पुरावाही नाही. मी पुढच्या वेळीही एवढंच सांगेन की मधुमेहाच्या माणसाने बर्फाचं खाल्लं तर कागद आणि ओआरएस जवळ ठेवावं.

अथर्वच्या बाबतीत सगळं लक्ष जहाजाकडे लागल्याने गाडीचा विचार सुटला. छोट्या बोटीतून उतरल्यावर लगेच वळणावळणाचा रस्ता येणार हे कार्यक्रमपत्रिकेत दिसत होतं. गोळीचा परिणाम उतरत आलेला, हातात मोबाईल, वय नऊ.

लपवायचं की सांगायचं, या प्रश्नावर राहुलचं मत अजून बदललेलं नाही. त्याच्या म्हणण्यात तथ्य असं की नियम सांगणाऱ्यालाच शिक्षा करतो: जो कळवतो त्याचा दिवस जातो, जो गप्प बसतो तो फुकेत बघतो. काही जहाजं खोलीत थांबणाऱ्या प्रवाशाला तपासणी फुकट देतात किंवा थोडी भरपाई करतात. बुकिंगच्या वेळी हे विचारून घेतलं असतं तर त्या पहाटेचा वाद निम्मा झाला असता. आजींच्या बाबतीत तर कळवण्यात त्यांचा स्वतःचाही फायदा होता, कारण पुढे साखर घसरली असती तर कक्षातल्या डॉक्टरला त्या आधीच माहीत होत्या.

आणि डोळ्यांचे थेंब. पट्ट्यांचं पार्सल अमेरिकेहून निघालं नव्हतं तोवर ते उजेडात आलं, ते केवळ सगळे डबे पिशवीत घालून आणायला सांगितलं म्हणून. नुसत्या यादीवर गेलो असतो तर आले नसते. आता प्रवासाला निघणाऱ्या कोणत्याही पेशंटला मी आजार विचारत नाही, पिशवी मागतो, आणि त्यात थेंब, मलम, इन्हेलर, वैद्यांची चूर्णं सगळं असावं असं बजावतो. आजींच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी आता लेझर करून घ्यायला सुचवलं आहे. ते झालं तर हा धोका बराच कमी होईल. आजींनी तारीख घेतलेली नाही. संक्रांत होऊ दे, म्हणतात.